लव्होनिया पेटवेनं गाळलेलं नाव

लव्होनिया पेटवे हॅलम कॉलेजातल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेची अध्यक्ष झाली, ती दुसऱ्या कुणाचा अर्ज आला नाही म्हणून. खरं तर रॉडनी युबँक्स उभा राहणार होता. डेट्रॉइटचा हा रॉडनी बोलायला लागला की खिडकीच्या काचा हलायच्या. पण अर्ज भरायच्या दिवशी तो निवडून आल्यानंतरचं भाषण लिहीत बसला आणि मुदत टळून गेली. लव्होनिया तेव्हा स्वयंपाकघरात कांदे चिरत होती. कुणीतरी विचारलं, "तुझं नाव घालू का?" ती म्हणाली, "घाल. पण आधी ते झाकण दे इकडं." एवढीच तिची निवडणूक.

पुढारी म्हणून चारचौघांत दाखवावं असं तिच्यात काही नव्हतं. अंगानं भरलेली, जाड भिंगांचा चष्मा, चाल अशी की घाई हा शब्दच तिच्या अलाबामात पोचला नसावा. आवाज नुकताच झोपेतून उठल्यासारखा. माइकसमोर उभी राहिली की दोन वाक्यांत संपायची. पण ज्यांनी तिला वॉलनट रस्त्यावरच्या त्या घरात पाहिलं त्यांना ती आयुष्यभर विसरता आली नाही, आणि केटुरा बिव्हन्स ही त्यांतली पहिली.

हे घर म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाचं दुमजली लाकडी घर. चौदाशे मुलांच्या कॉलेजात काळी मुलं त्रेचाळीस. प्रत्येक वर्गात एखादं, फार तर दोन. गुलामगिरीचा धडा निघाला की सगळा वर्ग मान वळवून त्या एकाकडं बघणार, जणू तो स्वतः तिथं हजर होता. दिवसभर असं वागवून घेतल्यावर संध्याकाळी माणसाला कुठं तरी नुसतं माणूस म्हणून बसावंसं वाटतं. त्यासाठी हे घर होतं. चौऱ्याऐंशी साली मुलांनी भांडून ते कॉलेजकडून मिळवलं, त्याच वर्षी लव्होनिया पहिल्या वर्षाला आली होती.

केटुरा तिथं पहिल्यांदा गेली ती सत्त्याऐंशीच्या ऑगस्टात. दार उघडं होतं. आत दहाएक जण पत्ते खेळत, भांडत, हसत बसले होते. केटुरा मान खाली घालून आली आणि सरळ कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. पत्ते हातात तसेच धरून सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"अगं पोरी," स्वयंपाकघराच्या दारातून तो झोपाळू आवाज आला. "तू आत्ता आत आलीस ना?"

"हो."

"इथं एवढी माणसं बसलीयत. आणि तू बोलली नाहीस."

"मी कुणाला ओळखत नाही."

"मी ओळखीचं कुठं म्हणतेय? बोलायचं म्हणतेय. जा, बाहेर जा आणि परत ये."

केटुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाहेर पडली, पायऱ्या उतरली, फाटकापर्यंत गेलीसुद्धा. आणि मग तिला आठवलं, की हेच तिच्या आजीनं शंभर वेळा बजावलं होतं: माणसांत शिरताना तोंड उघडावं, नाहीतर लोक म्हणतील हिला कुणी वाढवलंच नाही. ती परत फिरली. दारात उभी राहून म्हणाली, "नमस्कार सगळ्यांना."

"नमस्कार!" दहा तोंडांतून एकदम आलं.

"हां. आता जेव," लव्होनिया म्हणाली आणि तिच्यापुढं ताट ठेवलं. "केटुरा बिव्हन्स. क्लीव्हलँड. आजीनं वाढवलेली. भेंडी खात नाहीस, म्हणून तुला वेगळं काढलंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आजीनं. जूनमध्ये मी सगळ्या नव्या पोरांच्या घरी फोन करते. पाऊण तास बोलत होती, मला फोन ठेवू देईना. कशी आहे?"

आजी जुलैत गेली होती. केटुरानं ते सांगितलं आणि ताटात बघत राहिली. लव्होनियानं काही सांत्वनबिंत्वन केलं नाही. शेजारी खुर्ची ओढली आणि जूनमधल्या त्या पाऊण तासात आजी काय काय बोलली ते पहिल्या शब्दापासून सांगत बसली. केटुरा रडत रडत जेवली. आजीचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि तो असा एका अनोळखी मुलीच्या तोंडून ऐकायला मिळाला.

लव्होनियाचं डोकं असंच होतं. एकदा कानावर पडलं की आत राहिलं. कुणाच्या आईचा गुडघा दुखतो, कुणाचा भाऊ सैन्यात आहे, कोण रसायनशास्त्रात गटांगळ्या खातंय, सगळं. आणि ती ते नुसतं लक्षात ठेवून थांबायची नाही. परीक्षेला जाण्याआधी प्रत्येकाचा अभ्यास कुणीतरी तोंडी ऐकायलाच हवा, हा तिचा नियम. शनिवारी चुलीवर लोखंडी फणी तापायची आणि मुलींचे केस सरळ करून व्हायचे, कारण हॅलम गावात आमच्या केसांना हात लावणारा न्हावी नव्हता. रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. दोन रविवार कुणी चुकवले की लव्होनिया झाकलेलं ताट घेऊन त्याच्या खोलीवर हजर व्हायची आणि तो शेवटचा घास गिळेपर्यंत दारात उभी राहायची. बास्केटबॉल खेळणारी साडेसहा फुटी पोरं त्या ताटाला चळाचळा कापायची. त्रेचाळीस सुटी मुलं होती, त्यांचं तिनं घर केलं, आणि हे करताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. याला काय म्हणायचं ते भाषणं करणाऱ्यांना विचारा.

तिची स्वतःची इच्छा एकच होती, आणि तीही तिच्या आईची. तिची आई अलाबामातल्या आपल्या गावच्या शाळेत फरशा पुसायची. पदवीदानाच्या दिवशी मंचावरून मुलीचं पुरं नाव घेतलं जाईल आणि आपण उभं राहून जोरात आरोळी ठोकू, यासाठी ती चार वर्षं थांबली होती. समारंभाच्या कागदावर दरवर्षी छापलेलं असतं की टाळ्या शेवटी वाजवाव्यात. आमच्यातल्या एकाही आईनं ते कधी मनावर घेतलेलं नाही. लव्होनियाच्या आईनं जांभळी टोपी केव्हाच घेऊन ठेवली होती आणि चर्चची बसही सांगून ठेवली होती.

आता घरातल्या हजेरीवहीचं. घर देताना डीनच्या कचेरीनं एक जाडजूड हिरवी वही दिली होती. येणाऱ्याजाणाऱ्यानं तीत नाव, वेळ आणि सही घालायची. साडेतीन वर्षांत तीत एक अक्षर उमटलं नाही. मुलं म्हणायची, आपल्या घरात शिरताना सही कोण करतं? आत येताना बोलायचं, झालं. शिवाय लव्होनियाच्या आजोबांनी मतदारयादीत सही केली त्याच आठवड्यात गोऱ्या मालकानं त्यांना कसत असलेल्या जमिनीवरून हाकललं होतं, तेव्हा सरकारी वहीत नाव घालायची हौस त्या घराण्यात फारशी नव्हती. वहीचा एकच उपयोग होता. स्वयंपाकघरातली वर सरकवायची खिडकी वर राहायची नाही, तिच्याखाली ती टेकू म्हणून घातलेली असायची.

नाताळात कॉलेज तीन आठवडे बंद. सगळी मुलं गेली. केटुरानं सगळ्यांना सांगितलं की ती क्लीव्हलँडला मावशीकडं चाललीय, आणि दुपारी बॅग घेऊन बसथांब्यावर जाऊन बसली. मावशीची भाड्याची जागा नोव्हेंबरातच सुटली होती आणि मावशी कुठं होती ते मावशीलाच ठाऊक. कुठं जायचं याचा केटुराला पत्ता नव्हता. इतक्यात समोर रॉडनीची गाडी थांबली. तो सुटीत दक्षिणेतल्या नातेवाइकांकडं चालला होता; त्याच्याबरोबर निघालेली लव्होनिया खाली उतरली.

"क्लीव्हलँडची बस सकाळी आठला जाते," ती म्हणाली. "दुपारी नसते."

लव्होनियानं गळ्यातल्या दोरीतून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. बंद काळात कॉलेजच्या इमारतीत राहिलं तर राहणाऱ्याला आणि किल्ली देणाऱ्याला, दोघांनाही शिक्षा. हे दोघींना माहीत होतं, म्हणून कुणीच उच्चारलं नाही.

एकवीस दिवस केटुरा त्या घरात राहिली. कॉलेजच्या खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या मिस डॉर्थिया गावातच राहायच्या, त्या रोज डबा आणून द्यायच्या. नाताळच्या दिवशी त्या तिला आपल्या चर्चला घेऊन गेल्या आणि सगळ्यांना सांगितलं, "ही माझी भाची आहे. कशी, ते विचारू नका." आणि रोज संध्याकाळी सहाला फोन वाजायचा. अलाबामाहून. "बोल," पलीकडून आवाज यायचा. बस, तेवढंच. मग केटुरा बोलायची.

मार्चमध्ये पत्र आलं. माजी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला जागा हवी होती. वॉलनट रस्त्यावरची इमारत वापरात नसल्याचं दिसतं, तरी जागावाटप समितीपुढं येऊन म्हणणं मांडावं. रॉडनी म्हणाला, "डीनच्या कचेरीत ठिय्या देऊ."

"देऊ की," लव्होनिया म्हणाली. "पण आधी बोलून बघू."

बुधवारी दुपारी समिती बसली. लांब टेबलामागं चार जण, मध्ये डीन हॉलिस्टर. हा माणूस वाईट नव्हता, पण कागदावर नसलेली गोष्ट जगात असते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मागच्या बाकांवर केटुरासकट पंधरावीस मुलं बसली होती. आधी रॉडनी बोलला. काचा हलल्या. डीननं आधीच मागवून घेतलेली ती हिरवी वही शांतपणे उघडून कोरी पानं त्याच्यापुढं धरली आणि रॉडनी तोंडघशी पडला.

"साडेतीन वर्षं," डीन म्हणाले. "एक सही नाही, मिस पेटवे. घरात कोण येत होतं याचा पुरावा काय?"

लव्होनिया उठली. "तुम्हाला कुठला दिवस हवाय, सर?"

"म्हणजे?"

"दिवस सांगा. मी माणसं सांगते."

टेबलाच्या टोकाला गणिताचे एक तरुण प्राध्यापक बसले होते. त्यांना गंमत वाटली. खिशातली डायरी काढून ते म्हणाले, "गेल्या वर्षी फेब्रुवारीत बर्फानं कॉलेज बंद पडलं होतं, तो मंगळवार."

लव्होनियानं चष्मा काढला आणि पुसत पुसत सुरुवात केली. एकोणीस जण होते. एकेकाचं पुरं नाव, आईवडिलांनी ठेवलेलं मधलं नावसुद्धा. सकाळी कोण आधी आलं, मक्याच्या पावाचं पीठ कुणी सांडलं, पत्त्यांत कोण कुणावर चिडून जिन्यात जाऊन बसलं. "आणि संध्याकाळी तुमच्या वर्गातला लूथर ग्रीअर आला, सर. तुम्ही दिलेलं सातवं गणित त्याला सुटत नव्हतं. आम्ही पाच जण ते गणित घेऊन बसलो. तरी चुकलंच."

प्राध्यापकांनी डायरीत पाहिलं. "चुकलं होतं खरं," ते हळूच म्हणाले.

त्यांनी दुसरा दिवस विचारला. मग तिसरा. शेजारच्या बाईंनीही एक विचारला. लव्होनिया सांगत गेली, त्याच झोपाळू आवाजात, न अडखळता. तापानं फणफणलेला कोण वरच्या खोलीत चार दिवस होता आणि कुणी कुणी पाळ्या लावल्या. वडील गेल्याचा फोन कुणाला त्या घरात आला आणि त्याला गाडीनं मेम्फिसला कुणी पोचवलं. मागच्या बाकावर केटुरा बोटांवर नावं मोजत होती. एवढी माणसं एका माणसाच्या आत कशी मावतात? चर्चमध्ये तिनं कधी इतकी शांतता अनुभवली नव्हती. शेजारच्या मुली नाव आलं की एकमेकींचा हात दाबत होत्या. रॉडनी, ज्याला गप्प बसणं माहीत नव्हतं, तो तोंड उघडं टाकून बघत होता.

"ठीक," डीन म्हणाले. "गेला डिसेंबर. सुटीचे तीन आठवडे."

लव्होनियानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुणी नव्हतं."

"नक्की?"

"घर बंद होतं, सर."

डीननं फाइलमधून एक कागद काढला. घर गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या टाकीत तेल भरणाऱ्याची नोंद होती. जानेवारीच्या दोन तारखेला घराची टाकी जवळजवळ रिकामी निघाली होती. बंद घरात तीन आठवडे शेगडी कुणासाठी पेटली होती?

"मिस पेटवे, तुमचं हे खोटं असेल," ते म्हणाले, "तर आत्तापर्यंतचं सगळं खरं आहे हे आम्ही कसं मानायचं?"

साडेतीन वर्षांतली सगळी नावं त्या एका रिकाम्या महिन्यापायी वाया जाणार होती, आणि तरी ती बोलणार नव्हती. केटुराला ते तिच्या पाठीवरून कळत होतं. एवढ्या नावांतून लव्होनियानं एकच गाळलं होतं आणि ते केटुराचं होतं.

केटुरा उभी राहिली. "मी होते."

"खाली बस, केटुरा," लव्होनिया मागं न बघता म्हणाली.

"नाही बसत. एकवीस दिवस मी होते, सर. वरच्या डाव्या खोलीत. मला दुसरं घर नाही. ती इमारत वापरात नाही म्हणता ना? मी तिथं जगलेय."

डीननं पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "किल्ली कुठून मिळाली?"

"मी घेतली."

"मी दिली," लव्होनिया म्हणाली. "तिचं ऐकू नका. लिहा सर, लव्होनिया रूथ पेटवे. पेटवेच्या स्पेलिंगात टी दोनदा येतो."

घर राहिलं. गणिताच्या प्राध्यापकांनी समितीत भांडून केटुराला नुसत्या ताकिदीवर सोडवलं. पण किल्ली लव्होनियाच्या नावावर होती, आणि शिक्षेशिवाय फाइल मिटेना. पदवी टपालानं मिळेल, समारंभात मंचावर जाता येणार नाही, नाव पुकारलं जाणार नाही. केटुरा तिच्यापुढं जाऊन रडली, तेव्हा लव्होनिया जन्मात पहिल्यांदा रागावली. "मी मुद्दाम गाळलं होतं तुझं नाव! तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "आईला कळवायला हवं." आणि पत्र लिहायला बसली. त्या एका पत्राला तिला आठवडा लागला.

मे महिन्यातल्या पदवीदानाच्या शनिवारी सकाळी चर्चची बस आली. मिसेस पेटवे उतरल्या, डोक्यावर जांभळी टोपी. लव्होनिया म्हणाली, "आई, नाव घेणार नाहीत. तुला लिहिलं होतं."

"वाचलंय मी."

"मग मैदानावर कशाला चाललीस? ऊन आहे. इथंच बस."

"तुझ्या मैत्रिणींची नावं घेणार आहेत ना? त्यांच्यासाठी बसते," असं म्हणून त्या बसमधल्या सगळ्यांना घेऊन निघूनही गेल्या.

लव्होनिया मागं राहिली. पाहुण्यांना जेवायला कोण घालणार, हे तिचं कारण. केटुरा तिच्यासोबत थांबली. मैदान रस्त्यापलीकडंच होतं, कर्ण्यावरून एकेक नाव स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येत होतं. लव्होनिया पालेभाजी धूत होती. ओसारियो, पार्कर, पर्किन्स. पीटरसन. यानंतर पेटवे यायला हवं होतं. तिनं नळ बंद केला.

"क्विग्ली," कर्णा म्हणाला.

तेवढ्यात मैदानाच्या मागच्या बाजूनं एका बाईचा आवाज उठला, कर्ण्याशिवाय, नुसत्या छातीच्या जोरावर: "लव्होनिया रूथ पेटवे!"

"आई आहे," लव्होनिया म्हणाली. तिचे हात पाण्यातच राहिले.

"शांतता राखा," असं कर्णा म्हणेपर्यंत दुसरा आवाज आला. "हा रॉडनी. घसा फोडून घेईल मेला." मग तिसरा. "मिस डॉर्थिया. यांना कामावरून काढतील ना!" चौथा, पाचवा. "आमचे पाद्री. हा लूथर." ती एकेक नाव घेत होती, आणि आवाज वाढत चालले होते. मग ती पुरी पडेना. एवढे आवाज एकदम येत होते की नुसतं तिचं नाव ऐकू येत होतं, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या गळ्यांतून.

"हे कोण?" तिनं विचारलं. "केटुरा, हे कोण आहेत? मला ओळखू येत नाहीयेत."

केटुरा खिडकीशी गेली. मागच्या पाच रांगा उभ्या होत्या. डेट्रॉइटच्या, मेम्फिसच्या, क्लीव्हलँडच्या बायका, डोक्यावर टोप्या, हात वर. यातल्या प्रत्येकीला कुठल्या ना कुठल्या जूनमध्ये लव्होनियाचा फोन आला होता.

"आया आहेत गं," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

लव्होनियानं ओले हात तसेच तोंडावर धरले. पलीकडं मंचाशी क्विग्ली नावाचा मुलगा पायरीवर एक पाय ठेवून थांबला होता, आणि त्याला बराच वेळ थांबावं लागलं.